टॉवेलच्या कापडाला प्लाझ्मा दिला तर कॉस्टिक-पेरॉक्साइड बंद करता येईल का?

तुम्ही विचारलंय की सोलापुरात टॉवेलचे माग आहेत, पाणी टँकरनं घ्यावं लागतं, आणि मशीन विकणाऱ्यानं सांगितलंय की प्लाझ्मा बसवला की कॉस्टिक (कापड उकळायला लागणारा तीव्र क्षार), पेरॉक्साइड (कापड पांढरं करायचं रसायन) आणि पाणी, तिन्हींचा खर्च सुटेल. हे खरं का?

तिन्हींचा सुटणार नाही. एकाचा कमी होऊ शकतो, तोही माल कसा आहे त्यावर. मागावरून आलेला, न धुतलेला कोरा माल उकळून ब्लीच करणं हेच माझं रोजचं काम आहे, आणि उन्हाळ्यात पाण्यापायी लॉट अडकून पडले की काय होतं ते मीही बघतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कापसाच्या तंतूत नव्वद टक्क्यांहून जास्त सेल्युलोज असतं. पाणी अडवतं ते वरचं मेण आणि त्याला धरून ठेवणारं चिकट पेक्टिन. मेण वजनानं एक टक्क्याच्या आतबाहेर, पण ते सगळं बाहेरच्या कातडीत असल्यानं कोऱ्या कापडावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा बसून राहतो. ते काढायला आपण कॉस्टिकमध्ये तासन्‌तास उकळतो, मग ॲसिडनं न्यूट्रल करतो, मग धुतच राहतो. पाणी खरं तिथं जातं, धुण्यात.

प्लाझ्मा म्हणजे विजेच्या दाबानं अर्धवट आयनीभूत केलेला वायू. हवेचा किंवा ऑक्सिजनचा प्लाझ्मा कापडावरून गेला की मेणाच्या साखळ्या तुटतात, काही भाग वायू होऊन उडतो आणि उरलेल्या पृष्ठभागावर पाण्याशी जमणारे ऑक्सिजनचे गट तयार होतात. थेंब लगेच शोषला जातो. पण हे सगळं वरच्या साधारण शंभर नॅनोमीटरपर्यंतच घडतं, म्हणजे 0.1 मायक्रॉन. कापसाचा तंतू 10 ते 20 मायक्रॉन जाड. मेण त्या वरच्या थरातच असल्यामुळे तत्त्व बरोबर आहे.

अडचण खळीची आहे. ताण्याला, म्हणजे उभ्या सुताला, विणण्याआधी दिलेली स्टार्चची खळ असेल तर तिचा पापुद्रा मेणाच्या वर बसलेला असतो आणि तो काही मायक्रॉन जाड असतो. अशा कोऱ्या कापडाला प्लाझ्मा दिला तर तो खळीवरच खर्च होतो, मेणापर्यंत पोचत नाही. म्हणून आधी खळ काढा, आयोडीनचा थेंब टाकून निळा डाग पडत नाही ना बघा, कापड वाळवा आणि मग प्लाझ्मा. यातलं धुणं आणि वाळवणं विक्रेत्याच्या हिशोबात धरलंय का, ते आवर्जून विचारा. पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) या कृत्रिम पदार्थाची खळ असेल तर गोष्ट वेगळी: प्लाझ्मानं तिच्या साखळ्या तुटतात आणि ती कमी गरम पाण्यात सुटते. ताणा दुहेरी सुताचा असेल आणि खळ नसेलच, तर तुमचं काम बरंच सोपं.

दुसरं, टॉवेलचे लूप. सपाट पॉपलिनवर मिळालेला निकाल टेरीवर, म्हणजे लूपवाल्या टॉवेलच्या कापडावर, तसाच मिळेल असं धरू नका. लूप एकमेकांवर सावली धरतात, मुळाशी उपचार कमी होतो, आणि मग शेड ठिपकेदार येते. व्हॅक्यूमच्या मशीनमध्ये वायू आतपर्यंत जास्त चांगला जातो, पण कापूस स्वतःच आठ टक्क्यांच्या आसपास ओल धरून असतो. ती ओढून काढण्यात पंपाचा वेळ जातो, आणि टॉवेलसारख्या जाड मालात तर फारच.

पांढरेपणाचं म्हणाल तर पेरॉक्साइड लागणारच. कापसाचा पिवळसर रंग आणि सरकीच्या सालीचे काळे ठिपके प्लाझ्मा घालवत नाही. आणि आपल्याकडच्या चादरीसारखा तुमचा माल रंगवलेल्या सुताचा असेल, तर कापडाचं मशीन घेण्यात अर्थच नाही, कारण उकळणं सुतावरच झालेलं असतं. सुताच्या चीजच्या, म्हणजे गुंडाळलेल्या रिळाच्या, गाभ्यापर्यंत प्लाझ्मा जात नाही.

तुमच्या जागी मी असतो तर आधी एन्झाइम स्कावरिंग, म्हणजे कॉस्टिकऐवजी एन्झाइमनं कापड साफ करणं, करून बघितलं असतं. पेक्टिनेज (पेक्टिन तोडणारं एन्झाइम), 55 ते 60 अंश, सौम्य अल्कली, आणि नंतर मेण वितळून निघावं म्हणून 80-90 अंशाचं एक धुणं. मशीन आहे तेच चालतं, न्यूट्रल करायचं ओझं आणि धुणी घटतात, ईटीपीवरचा (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवरचा) भार हलका होतो. प्लाझ्माचा मला खरा उपयोग दिसतो तो इथंच. मेणाचा थर फाटल्यावर एन्झाइमला पेक्टिनपर्यंत वाट मिळते आणि काम लवकर होतं.

तरी मशीन बघायचंच असेल तर गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेचं उद्योगांसाठीचं केंद्र आहे, मुंबईत माटुंग्याला कापूस तंत्रज्ञान संशोधनाची केंद्रीय संस्था, सिरकॉट, आहे. दोन्हीकडे चौकशी करा. चाचणी तुमच्याच मागावरच्या टॉवेलवर घ्या, विक्रेत्यानं आणलेल्या तुकड्यावर नको. थेंब शोषायचा वेळ त्याच दिवशी आणि पुन्हा काही आठवड्यांनी मोजा, कारण साठवणीत हा परिणाम उतरत जातो. ताण्याच्या दिशेनं ताकद तपासा, उपचार जास्त झाला तर सूत कमजोर होतं. एकाच गडद शेडमध्ये अर्धा टॉवेल प्लाझ्माचा आणि अर्धा नेहमीचा रंगवून शेजारी धरा. आणि हवेच्या प्लाझ्मातून ओझोन निघतो, तेव्हा तो बाहेर ओढायच्या व्यवस्थेचा खर्च कोटेशनमध्ये लिहून घ्या. मशीनपाशी दिवसभर उभं राहणारी माणसं आपलीच आहेत.