आर्ट कॉलेजला फाउंडेशनला, म्हणजे पायाभूत वर्षाला आहे, प्राणी काढायला अजिबात जमत नाहीत. फोटोवरून काढले तर चालतं का, आणि सुरुवात कुठल्या प्राण्यापासून करू?

फोटोचं शेवटी सांगते, आधी मला थोडं बोलू दे, कारण हा प्रश्न वाचून राहवलं नाही.

आमचं घर कोल्हापुरात, दारात चार पंढरपुरी म्हशी. या म्हशींची शिंगं तलवारीसारखी लांब असतात, पार खांद्याच्या मागं जातात. रोज संध्याकाळी पप्पा दोघींना घेऊन दूधकट्ट्यावर जातात, गिऱ्हाईकासमोर धार काढायची आणि धारोष्ण दूध तिथंच ग्लासात द्यायचं. दिवाळी पाडव्याला म्हशी सजवून बाहेर काढतात, तेव्हा शिंगं रंगवायचं काम लहानपणापासून माझ्याकडं. म्हणजे मी पहिल्यांदा ब्रश चालवला तो कागदावर नाहीच, शिंगावर. शिंग बुडाशी चपटं असतं, तिथं वळ्या असतात, त्यात रंग साचतो, पुढं गुळगुळीत होत होत टोक येतं, हे सगळं मला चित्रकला हा विषय कळायच्या आधी हाताला माहीत होतं.

तरीपण कागदावर म्हैस यायची नाही. आठवीपासून कट्ट्यावर वही घेऊन बसायचे आणि दोन वर्षं सगळ्या म्हशी टेबलासारख्या आल्या, चार कोपऱ्यांना चार पाय आणि वर पोतं. मागचा पाय कुठं दुमडतो तेच कळत नव्हतं. एकदा म्हशीला घासताना पायावरून हात फिरवत वर गेले आणि स्वतःच्या पायाशी ताडून बघितलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मागं वाकलेला जो सांधा दिसतो ना, तो गुडघा नव्हेच, ती टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाला लागून. आणि पुढच्या पायाला आपण जो गुडघा म्हणतो ते मनगट. एवढं कळल्यावर आठवड्यात माझ्या म्हशी उभ्या राहायला लागल्या.

आता मुद्द्याचं. आर्ट कॉलेजला दुसऱ्या वर्षी कंपोझिशनला, म्हणजे चित्ररचनेच्या विषयाला, मी पहाटेचा गोठा घेतला, वॉटरकलरमध्ये, मधोमध उठत असलेली म्हैस. मागचा भाग वर आलेला, पुढचे गुडघे अजून जमिनीला टेकलेले. सरांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं, ही उठतेय का पडतेय, आणि पेन्सिल घेऊन माझ्या रंगवलेल्या चित्रावरच पुढचे पाय ताठ काढून दाखवले, म्हणे जनावर आधी पुढचे पाय रोवतं, अ‍ॅनाटॉमीचं पुस्तक उघडा. पुस्तकात घोडा होता. घोडा उठतो तसा, बरोबर आहे. गाय-म्हैस आधी मागून उठते, दारात जनावर असलेल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. मी म्हणाले, सर म्हैस मागूनच उठते. वाद घालू नकोस म्हणाले. मी गप्प बसले आणि ते गप्प बसणं आजपण टोचतं. त्या कागदावर पेन्सिलीचा चर पडलाय, वरून रंग दिला की रंग त्यातच जाऊन बसतो, काही केल्या जात नाही.

नंतर ड्यूरर या जर्मन चित्रकाराबद्दल वाचलं आणि बरं वाटलं. १५०२ मध्ये त्यानं ससा काढला, त्याच्या डोळ्यात खिडकीचं प्रतिबिंबसुद्धा आहे, केस न् केस जिवंत. त्याच माणसानं १५१५ मध्ये गेंडा काढला. तो गेंडा गुजरातच्या सुलतानानं पोर्तुगिजांना दिलेला, गोव्याहून जहाजानं लिस्बनला गेला. ड्यूरर बसलेला जर्मनीत, त्यानं गेंडा बघितलाच नाही, कुणाच्या तरी वर्णनावरून आणि स्केचवरून काढला, आणि त्याच्या खांद्यावर एक जास्तीचं छोटं शिंग आलं. युरोपात पुढं दोनशेहून जास्त वर्षं लोक त्यावरूनच गेंडे काढत राहिले. हात तोच, इतका कसलेला, पण बघितलेलं नव्हतं. मला तर वाटतं प्राणी काढायला शिकवणाऱ्यानं आधी महिनाभर गोठ्यात शेण काढावं.

सुरुवात कुठून, तर जो प्राणी तुझ्या दारात आहे त्याच्यापासून. शहरात असशील तर गल्लीत झोपलेलं कुत्रं, ते हलत नाही. वाघ-सिंह आत्ता नको. रंगांचं विचारलं नाहीस तरी सांगते, काळ्या जनावराला ट्यूबमधला काळा लावू नको, चित्राला भोक पडल्यासारखं दिसतं. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, हे दोन मिसळ. आंघोळ घातलेल्या म्हशीच्या पाठीवर आभाळ उतरतं, तिथं निळा जास्त, पोटाखाली जमिनीचा उजेड, तिथं तांबूस जास्त.

आणि हो, फोटो. अगदीच वाईट नाही. पळणाऱ्या घोड्याचे पाय डोळ्याला दिसत नाहीत. जेरिको या फ्रेंच चित्रकारानं १८२१ मध्ये रेसचे घोडे चारही पाय पुढं-मागं ताणून हवेत काढले, आणि १८७८ मध्ये मायब्रिज या फोटोग्राफरच्या फोटोंत दिसलं की चारही पाय हवेत असतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. तर अशा गोष्टींसाठी फोटो जरूर बघ. सरसुद्धा वाईट नव्हते, पोर्ट्रेट मला त्यांनीच शिकवलं आणि ते फार चांगलं शिकवलं. पण म्हशीच्या बाबतीत ते चुकले, आणि ते अजून तसंच शिकवत असतील तर वर्गातली मुलं चुकीची म्हैस काढतायत.

कोल्हापूरला आलीस तर पहाटे पाचला ये. आमची थोरली म्हैस सगळ्यात सावकाश उठते, आधी मागचे पाय, मग मिनिटभर गुडघ्यांवर थांबते, मग पुढचे. पहिल्या दिवशी वही आणू नको.