डेक्साची रात्र आणि चौथा दिवस

स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांत येणाऱ्या थकव्यावर प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत 'कॉर्टिसॉल' हा शब्द होता. म्हणजे ताणाशी आणि सकाळच्या जागेपणाशी जोडलेलं हार्मोन. कुणी व्हिडिओत ऐकलेला, कुणी लॅबच्या रिपोर्टवर वाचलेला. त्यातले काही प्रश्न आज घेतो.

प्रश्न : केमोच्या आदल्या दिवसापासून मला डेक्साच्या गोळ्या असतात. मागच्या सायकलला रात्री दोन वाजता उठून मी स्वयंपाकघरातल्या सगळ्या ट्रॉल्या रिकाम्या करून पुसल्या. चौथ्या दिवशी मात्र कुकरचं झाकण लावायलाही हात उचलेना. घरचे विचारतात, "परवा कुठून आली होती ताकद?" (सांगली)

ती ताकद गोळीची होती. डेक्सामेथासोन हा कॉर्टिसॉलचाच कारखान्यात तयार झालेला भाऊबंद, पण वजनाला वजन धरलं तर सुमारे 25 पट जोरकस. उलटी होऊ नये, औषधाची ॲलर्जी येऊ नये, अंगावर सूज चढू नये म्हणून तो देतात. केमोत डोसिटॅक्सेल हे औषध असेल तर सहसा आदल्या दिवसापासून तीन दिवस, दिवसातून दोनदा. रात्रीच्या वेळी शरीरात कॉर्टिसॉल अगदी तळाला असायला हवं, आणि नेमकं तेव्हाच तुमच्या मेंदूला 'सकाळ झाली' असा निरोप जात असतो. मग ट्रॉल्या पुसल्या जाणारच.

बाहेरून एवढा माल येतोय म्हटल्यावर मूत्रपिंडांवर बसलेल्या, कॉर्टिसॉल बनवणाऱ्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी आपलं काम थांबवतात. गोळ्या संपल्या की त्यांना पुन्हा जागं व्हायला थोडा वेळ लागतो, आणि केमोचा स्वतःचा थकवाही त्याच सुमाराला येऊन पोहोचतो. तुमचा चौथा दिवस तो हाच.

दुसरी गोळी दुपारी दोन-तीनच्या आत घेतली तर चालेल का, हे तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांना विचारा. बऱ्याचदा चालतं, आणि झोप वाचते. मनानं गोळी कमी किंवा बंद मात्र करू नका. मधुमेह असेल तर त्या दिवसांत साखर घरीच तपासत राहा, ती चांगलीच उसळते. आणि पुढच्या सायकलचा चौथा दिवस कॅलेंडरवर आत्ताच खूण करून ठेवा. त्या दिवशीचा कुकर घरच्यांनी लावायचा.

प्रश्न : लॅबमधून 'स्ट्रेस हार्मोन'चं पॅकेज करून घेतलं. ऑफिसातून येताना संध्याकाळी पाचला रक्त दिलं. कॉर्टिसॉल कमी आलं. एका ओळखीच्या आहारतज्ज्ञांनी 'ॲड्रिनल फटिग' सांगितला आणि तीन महिन्यांच्या पावडरी दिल्या. रेडिएशन संपून दोन महिने झालेत. (पुणे)

पॅकेजचे पैसे गेले ते गेले, पावडरींचे वाचवा.

कॉर्टिसॉलला दिवसाची लय असते. जाग आल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात ते आणखी चढतं, मग दिवसभर उतरत जातं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळ गाठतं. संध्याकाळी पाचचा आकडा सकाळच्या पट्टीवर मोजला तर तो कमीच दिसणार. आणि 'ॲड्रिनल फटिग', म्हणजे अधिवृक्क ग्रंथी थकल्याचा आजार, अंतःस्रावशास्त्रात (हार्मोनच्या वैद्यकात) नाही.

लयीचा मुद्दा मात्र खरा आहे. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात ज्युलियन बॉवर यांच्या गटानं उपचार संपलेल्या स्त्रियांची लाळ दिवसातून अनेकदा तपासली. ज्यांचा थकवा जात नव्हता, त्यांचं कॉर्टिसॉल संध्याकाळकडे नीट उतरत नव्हतं. चढ-उतार सपाट झालेला. सपाट लयीमुळे थकवा की थकव्यामुळे, बिघडलेल्या झोपेमुळे लय सपाट, हे त्यातून ठरत नाही. शरीरात धुमसत राहणारा दाहही त्यात हात घालतो. म्हणून एका नमुन्याच्या एका आकड्यावर कुणी औषध द्यायला लागलं, की मला चीड येते.

तपासायचं ते साधं आहे: हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-12, यकृत आणि मूत्रपिंड. आणि कुणीतरी समोर बसून विचारायचं: झोप कशी आहे, दुखतं कुठे, मन लागतं का? रेडिएशनचा थकवा शेवटच्या आठवड्यांत सर्वांत जास्त असतो आणि नंतर हळूहळू ओसरतो. दोन महिन्यांनीही तसाच असेल तर ही यादी घेऊन डॉक्टरांकडे जा.

कॉर्टिसॉलची खरी कमतरताही असते, ती वेगळी. उठताना डोळ्यांपुढे अंधारी, उलट्या, खाली गेलेलं ब्लडप्रेशर, कमी झालेलं सोडियम. 'ट्रिपल निगेटिव्ह' प्रकारच्या स्तनाच्या कर्करोगासाठी पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारं औषध) घेतलेल्यांनी आणि दीर्घकाळ स्टेरॉइडवर असलेल्यांनी ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट बघत बसू नये, थेट रुग्णालय गाठावं.

प्रश्न : जाऊबाई म्हणतात, "तू फार टेन्शन घेतलंस म्हणून हे झालं." खरं का? (सोलापूर)

नाही. ताणामुळे स्तनाचा कर्करोग होतो असं ठामपणे म्हणावं, असा पुरावा नाही. जाऊबाईंना हा अंक वाचायला द्या.

प्रश्न : पत्नीची केमो चालू आहे. दिवसभर पडून असते. उठवलं तर चिडते, झोपू दिलं तर रात्रभर जागी. चालायला न्यावं का? (नाशिक)

न्यावं, पण फेरी छोटी. सकाळी उन्हात दहा मिनिटं, सोसायटीच्या फाटकापर्यंत जाऊन परत. या थकव्यावर सर्वांत भक्कम पुरावा व्यायामाचाच आहे, गोळ्यांचा नव्हे. हळूहळू आठवड्यातून तीनदा अर्धा तास इथवर पोचायचं. ताप असेल, धाप लागत असेल किंवा रक्तातल्या पेशी खूप कमी झाल्या असतील त्या दिवशी सुट्टी. दुपारची झोप अर्ध्या तासाची, तीनच्या आत. रोज संध्याकाळी थकवा शून्य ते दहात किती, हे त्यांनाच विचारून वहीत लिहा. सात-आठ सतत येऊ लागले तर ती वही डॉक्टरांना दाखवा. "किती झोपतेस!" एवढं मात्र म्हणू नका.

उपचार संपल्यावर योगाचाही विचार करा. बॉवर यांच्याच गटानं 2012 साली 31 स्त्रियांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्यांना 12 आठवडे अय्यंगार पद्धतीचा योग, बाकीच्यांना आरोग्यावरची व्याख्यानं. योग करणाऱ्यांचा थकवा कमी झाला, तो तीन महिन्यांनंतरही कमीच होता. प्रयोग लहान आहे, पण पद्धत आपल्या पुण्याची: लोड, घोंगडी, खुर्ची यांचा आधार घेऊन शरीराला न दमवता आसनात ठेवायचं. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हातावर भार देण्याआधी फिजिओथेरपिस्टला विचारा.

प्रश्न : अश्वगंधा कॉर्टिसॉल कमी करते म्हणे. लेट्रोझोल चालू आहे, थकवा खूप. घेऊ का? (ठाणे)

स्वतःहून नको. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या आणि थायरॉइडचं हार्मोन वाढल्याच्या नोंदी आहेत. शिवाय लेट्रोझोल या इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या गोळीवर थकवा पुष्कळदा आडवाटेनं येतो: रात्री अंगातून वाफा, घामानं भिजलेली उशी, सकाळी आखडलेली बोटं. आठवडाभर रात्री किती वेळा उठता ते मोजा आणि तो आकडा डॉक्टरांना सांगा, वाफांवर आणि सांध्यांवर उपाय आहेत. अश्वगंधा आधीच सुरू केली असेल तर बाटली पर्समध्ये टाकून तपासणीला घेऊन जा. डॉक्टर रागावतील, पण यकृताची तपासणी लिहून देतील.