चुलते साक्षीला येत नाहीत, आत्या यायला तयार नाही

प्रश्न : आमचं गाव तासगाव तालुक्यात. आजोबांची विहिरीची २२ गुंठे जमीन चुलत्यांनी "१९९४ ला तोंडी वाटणीत मला आली" असं सांगून स्वतःच्या नावावर लावून घेतलीय, त्याच्या वाटपाचा दावा चालूय. चुलते साक्षीला येत नाहीत, मुखत्यारपत्र करून पोराला पुढं केलंय. आत्याला सगळं माहितीय पण ती म्हणते मला माहेर तोडायचं नाही. दोघांची उलटतपासणी कशी घ्यायची?

उत्तर : चुलते येत नाहीत तर येऊ देत की, ते तुमच्याच पथ्यावर आहे! विद्याधर विरुद्ध माणिकराव या १९९९ च्या निकालात सुप्रीम कोर्ट म्हणालंय की जो पक्षकार शपथेवर उभा राहत नाही, उलटतपासाला सामोरा जात नाही त्याचं म्हणणं खरं नाही असं गृहीत धरता येतं. त्यांना तुमचा साक्षीदार म्हणून समन्स काढायच्या फंदात पडू नका, मग ते जे बोलतील ते तुमच्याच गळ्यात. खरंच अंथरुणाला खिळले असतील तर कोर्टानं नेमलेला कमिशनर घरी जाऊन साक्ष घेऊ शकतो, ते त्यांनी मागू दे.

आता पोरगा. मुखत्यार माणूस वडलांच्या मनातलं, डोळ्यांदेखतचं सांगू शकत नाही, हेही सुप्रीम कोर्टाच्या निकालानं २००४ पासून पक्कं आहे. वकिलांना एवढंच विचारायला सांगा, १९९४ ला तुझं वय काय, बैठक कुणाच्या सोप्यात बसली, हे तुला कुणी सांगितलं? "वडलांनी" म्हणाला की तिथंच थांबायचं, एक प्रश्न जास्त झाला की पोरगं सावरून घेतं (हे मी स्वतः हात पोळून शिकलोय). विहिरीच्या मोटारीची १९९४ नंतरची लाईटबिलं तुमच्या घरानं भरली असतील तर ती उलटतपासातच त्याला दाखवायला सांगा, वाटणी झाली असती तर बिलं तुम्ही कशाला भरली असती? सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणजे मालकी झाली असं नसतं.

आत्याचं नाव साक्षीदारांच्या यादीत नसेल तर आधी परवानगीचा अर्ज टाका, मग भत्ता भरून समन्स. तिलाही भावाला सांगायला बरं पडतं, कोर्टाचा कागद आला म्हणून गेले. उभी राहून फिरलीच तर कोर्टाच्या परवानगीनं तुमचेच वकील तिचा उलटतपास घेऊ शकतात, ही सोय जुन्या पुरावा कायद्यात होती आणि १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. समन्स घेऊनही आली नाही तर वारंट निघतं, पण आत्यावर वारंट मागायच्या आधी दहा वेळा विचार करा.

आणि पत्रात तुम्ही एक लिहिलंच नाही, आत्या आजोबांची मुलगी, म्हणजे हिस्सेदार. तिला दाव्यात पक्षकार केलंय का? नसेल आणि तिनं रजिस्टर हक्कसोडही दिलं नसेल तर साक्षीचं राहू द्या, पुढच्या तारखेच्या आत तिला सामील करायचा अर्ज द्या.