वाचकांचे प्रश्न : साक्षीला तारीख हवीच का?

प्रश्न : पाळकसाहेब, ख्रिस्तात सलाम. आमचे घराणे मूळचे अहिल्यानगर जिल्ह्यातले. खापरपणजोबांनी मिशनच्या काळात बाप्तिस्मा घेतला, म्हणजे मी पाचव्या पिढीची. आमची मंडळी सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची) आहे. माझा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला आणि पंधराव्या वर्षी दृढीकरण (बाप्तिस्म्याची वचने स्वतःच्या तोंडाने देण्याचा विधी) झाले. सध्या मी नोकरीनिमित्त पुण्यात असते आणि मैत्रिणींबरोबर एका स्वतंत्र मंडळीच्या उपासनेला जाते. तेथे साक्ष देताना, म्हणजे आपल्या विश्वासाची हकीकत सांगताना, प्रत्येक जण प्रभूला कधी स्वीकारले ती तारीख सांगतो. मला ती सांगता आली नाही. तेव्हा मला सांगण्यात आले की तुझा विश्वास तुझ्या आईवडिलांचा आहे, तुझा नव्हे. तान्हेपणीचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, तर पाण्यात बुडून तो पुन्हा घे. घरी हे बोलले तेव्हापासून आई माझ्याशी धड बोलत नाही. माझा विश्वास खरोखरच उसना आहे का? आणि मी पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : भगिनी, सलाम. तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत गुंतल्यामुळे तुमची कोंडी झाली आहे. विश्वास माझा आहे का, हा एक, आणि बाप्तिस्मा पुन्हा घ्यावा का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्यात शोधू नका.

आधी तारखेविषयी. पौलाला तारीख होती; दिमिष्काच्या वाटेवर भर दुपारी त्याला येशूचे दर्शन झाले, ते तो आयुष्यभर सांगत राहिला. परंतु त्याच पौलाने तीमथ्याला जे दुसरे पत्र लिहिले, त्याच्या पहिल्याच अध्यायात तो तीमथ्याच्या विश्वासाची आठवण काढताना सांगतो की हा विश्वास आधी तुझी आजी लोईस आणि तुझी आई युनीके यांच्या ठायी होता. ज्याच्या आयुष्यात एका क्षणी सारे पालटले त्या माणसाने आपल्या लाडक्या शिष्याकडे तसा क्षण मागितला नाही, आणि आजीकडून आलेला विश्वास म्हणून त्याला कमीही लेखले नाही. उलट पुढे तो त्याला आठवण करून देतो की तुला बालपणापासून पवित्र शास्त्र ठाऊक आहे. मात्र लोईस आणि युनीके यांचा उल्लेख झाल्यावर लगेच पुढच्या वचनात, तुझ्यातील देवाचे कृपादान प्रज्वलित कर, अशी सूचनाही आहे. ते काम आजीने किंवा आईने करायचे नव्हते; ते तीमथ्याचे होते.

तारीख असली म्हणजे सारे आले, असेही नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्या तर पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती होत्या. विश्वास आईवडिलांकडून मिळाला असे त्यांच्याविषयी कोणी म्हणू शकत नव्हते. तरीही पुढे आपल्या साक्षीत त्यांनी स्वच्छ लिहून ठेवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे जावी लागली. त्यासाठी त्यांनी दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला नाही.

एवढे सांगून तुमच्या मैत्रिणींचा प्रश्न झटकून टाकावा, असे मात्र मला वाटत नाही. त्यांची पद्धत मला खटकते, प्रश्न नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात आंधळ्या झालेल्या बापापुढे उभा राहून याकोब 'माझा देव' नव्हे, 'तुझा देव परमेश्वर' असे बोलतो. पुढे घर सोडून पळताना बेथेल येथे त्याने केलेला नवस तर सौदाच आहे : देव माझ्याबरोबर राहिला, मला अन्नवस्त्र मिळाले आणि मी सुखरूप परतलो, तर परमेश्वर माझा देव होईल. अब्राहामाचा हा नातू किती वर्षे बापाच्या देवाबरोबर हिशेब करत होता, हे वाचताना आपल्या घराघरांतील तरुण मुले डोळ्यांपुढे येतात. देवाने तो सौदाही धुडकावून लावला नाही, हे विशेष.

आपल्या मंडळ्यांनी या बाबतीत फारसे काही केलेले नाही, हे मी पाळक असूनही लिहितो. दृढीकरणाचे वर्ग आपण पाठांतराचे करून ठेवले आहेत. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना आणि ठरलेल्या प्रश्नांची ठरलेली उत्तरे मुले घोकतात, बिशपसाहेब येतात, डोक्यावर हात ठेवतात, पांढऱ्या कपड्यांत वेदीसमोर फोटो निघतो, आणि पुढच्या रविवारपासून निम्मी मुले शेवटच्या बाकावर जाऊन बसतात. त्या वर्गात एखाद्या मुलीने, मला हे पटत नाही, असे म्हटले तर तिच्या आईला निरोप जातो. मग तीच मुलगी पुण्यात किंवा मुंबईत गेल्यावर पहिल्यांदा कोणीतरी तिला, तुझा स्वतःचा विश्वास काय, असे विचारतो, आणि तिला ते एखाद्या शोधासारखे वाटते. यात दोष तिचा नाही.

तेव्हा विश्वास तुमचा आहे का, हे पाहायचे तर साध्या गोष्टी पाहा. पुण्यात रविवारी सकाळी तुम्हाला उठवायला आई नाही, तरी तुम्ही उठून उपासनेला जाता. तुम्ही गेला नाहीत तर गावातल्या मंडळीत कोणाला कळणारही नाही. संकट आले की तुम्ही प्रार्थना सवयीने करता की ऐकणारा आहे असे धरून करता, हे तुमचे तुम्हालाच ठाऊक. येशूला विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीच्या गावकऱ्यांनी आधी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि येशू दोन दिवस तेथे राहिल्यावर ते तिला म्हणाले की आता आम्ही स्वतः ऐकले आहे. तिचे बोलणे खोटे ठरले नव्हते. त्यांनी स्वतः ऐकण्यासाठी वेळ काढला होता. तुम्हीही तो काढा. मार्काचे शुभवर्तमान अवघ्या सोळा अध्यायांचे आहे. रोज अर्धा अध्याय हाती पेन्सिल घेऊन वाचा आणि जेथे पटत नाही तेथे समासात खूण करा. खुणा फार झाल्या तर घाबरू नका. त्याच शुभवर्तमानात एक बाप, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, असे एका दमात बोलतो आणि त्याचा मुलगा बरा होतो.

आता बाप्तिस्म्याचे. सीएनआय २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झाली, तेव्हा एकत्र आलेल्या सहा मंडळ्यांत बाळांना बाप्तिस्मा देणारेही होते आणि केवळ जाणत्या वयातच देणारेही होते. दोन्ही रीती मान्य करूनच ते ऐक्य झाले. म्हणून तुमच्या मंडळीच्या समजुतीप्रमाणे तुमचा बाप्तिस्मा पूर्ण आहे. त्या दिवशी तुमच्या वतीने दिलेले उत्तर दृढीकरणात तुम्ही स्वतःच्या तोंडाने दिले, ते त्या वेळी घोकलेले असेल तर आज समजून द्या. प्रभुभोजनाला पुढे जाता तेव्हा दर वेळी ती संधी असते. पुन्हा बाप्तिस्मा घेऊन मैत्रिणींचे समाधान होईल, तुमचा प्रश्न मात्र तसाच राहील. त्यांच्या उपासनेला जाणे सोडा, असे मी सांगणार नाही. तेथील गीते आणि प्रार्थनेतील कळकळ तुम्हाला बळ देत असेल तर जरूर जा. फक्त घरच्या विश्वासाची लाज वाटू देऊ नका.

आणि आईशी बोला. तुमचा प्रश्न त्यांना प्रश्न म्हणून नव्हे, निकाल म्हणून ऐकू गेला असावा. तुमचा विश्वास कधी डळमळला होता का, असे त्यांना विचारून पाहा. आपल्याकडच्या आयांना हे कोणी विचारत नाही.

प्रश्न : पाळकसाहेब, सलाम. आमचे कुटुंब तीन पिढ्या मिशन इस्पितळाच्या आवारात वाढले. माझा एकोणीस वर्षांचा मुलगा अभियांत्रिकीच्या वसतिगृहातून घरी आला की कौटुंबिक प्रार्थनेला बसत नाही आणि 'ते तुमचे आहे' म्हणतो. त्याची आजी रडते. सक्ती करावी का?
— एक वडील, मिरज

उत्तर : बंधू, सलाम. सक्ती करू नका. नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका सहप्रवाशाने नवा करार दिला आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई मात्र नवरा ख्रिस्ती झाला म्हणून ख्रिस्ती झाल्या नाहीत. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. नंतर एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळे सांभाळले. आधी जातिभेदाविषयीचे त्यांचे मन आपसूक पालटले आणि मग १९०० मध्ये बाप्तिस्मा झाला. टिळकांसारख्या उतावळ्या माणसाला ही वाट पाहणे सोपे गेले नसेल.

प्रार्थना मात्र नेहमीच्या वेळी, नेहमीसारखीच चालू ठेवा आणि ती मुलाला ऐकवण्यासाठी करू नका. मुलांना ते लगेच कळते. त्याच्या नावाने मोठ्याने विनवण्या करणे थांबवायला आजींनाही सांगा. तो शेजारच्या खोलीत बसला तर बसू द्या, जेवायला मात्र सर्वांबरोबर बोलवा. त्याने एखादा अवघड प्रश्न विचारला तर त्याला पाळकांकडे पाठवण्याची घाई करू नका. तुम्हाला जेवढे ठाऊक आहे तेवढे सांगा आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणा.