सेफच्या (Ceph, डेटाच्या कॉप्या अनेक सर्व्हरवर ठेवणारं सॉफ्टवेअर) स्टोरेजवर व्हीएम (सर्व्हरवर चालणारे आभासी संगणक) फार हळू चालतात. जर्नल रॅममध्ये ठेवलं तर चालेल का?

वेग वाढतो, त्यात वाद नाही. फाइलस्टोअरमध्ये (सेफची डिस्कवर डेटा ठेवायची जुनी पद्धत) प्रत्येक राइट आधी जर्नलमध्ये जातं, मग डिस्कवर. दोन्ही एकाच फिरत्या डिस्कवर असलं की ती बिचारी दोनदा लिहिते, आणि सगळ्या कॉप्यांची जर्नलं लिहून होईपर्यंत व्हीएम ताटकळत बसतो. मी हे लातूरला करून बसलोय, म्हणून लिहायलोय.

2016 साल, मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ते. एका कॉलेजात तीन सर्व्हर, साध्या 7200 आरपीएमच्या डिस्का. एसएसडीचं कोटेशन दिलं तर साहेब म्हणाले, "रॅम पडून आहे की एवढी, ती वापर ना." वापरली. जर्नल टीएमपीएफएसवर, म्हणजे रॅममधल्या फाइल सिस्टिमवर टाकलं. त्याला डायरेक्ट आयओ (कॅशे टाळून थेट लिहिणं) जमायचं नाही, म्हणून कॉन्फिगमध्ये जर्नल डीआयओ ही त्याचीच सेटिंग बंद केली. ठरवून रीबूट करायचं तर आधी फ्लश-जर्नल मारून जर्नलमधलं सगळं डिस्कवर उतरवायचो. व्हीएम असे पळायला लागले की साहेब पाहुण्यांना सर्व्हर रूम दाखवायला आणायचे. मीही फुगलो होतो, खोटं कशाला बोलू.

मग वळीव आला. लाईट गेली, यूपीएस एकदा चिरकला आणि गप्प. झाकणं उघडून बघितली तर बॅटऱ्या ठणठणीत कोरड्या. गावात प्यायला पाणी नव्हतं, त्यात बॅटरीच्या पाण्याची आठवण कुणाला राहणार! तिन्ही सर्व्हर त्याच यूपीएसवर, त्यामुळे तिन्ही जर्नलं एका झटक्यात साफ. एक सर्व्हर पडला असता तर उरलेल्या दोघांवरून तो परत भरता आला असता. इथं कुणावरून भरायचं? नवं रिकामं जर्नल बनवून ओएसडी (डिस्का सांभाळणारे सेफचे प्रोग्रॅम) उठवले, पण 'लिहून झालं' असं सांगितलेला डेटा गेला तो गेलाच. अंतर्गत गुणांचा डेटाबेस फुटला. बॅकअप अकरा दिवसांपूर्वीचा; मास्तर लोकांनी गुण परत भरले, मला शिव्या देत.

साहेब आजही म्हणतात, "तुझ्या रॅमनं घात केला." कॉन्फिग माझ्या हातचं, कबूल. पण एसएसडी कुणी कापली? "तीन कॉप्या आहेत ना" हे कोण म्हणालं? एका वायरीवरच्या तीन कॉप्या म्हणजे एकच कॉपी. नाव सेफ असलं म्हणून काय झालं!

हां, हे राहिलंच: तुमची आवृत्ती नवी असेल तर हा प्रश्नच उरत नाही. 2017च्या ल्युमिनस आवृत्तीपासून ब्लूस्टोअर (डिस्कवर डेटा ठेवायची नवी पद्धत) डिफॉल्ट आहे, पुढच्या रीफ आवृत्तीत तर फाइलस्टोअर काढूनच टाकलं. आता डीबी आणि वॉल (ब्लूस्टोअरचा नोंदींचा डेटाबेस आणि त्याचा राइट-लॉग) एसएसडीवर न्या, पण लाईट गेल्यावर सांभाळणारे कपॅसिटर असलेल्या. घरगुती एसएसडी सिंक राइटला (पक्कं लिहून झाल्याशिवाय पुढं न जाणाऱ्या राइटला) दम टाकते. पोरांच्या लॅबचे, उद्या पुसायचेच व्हीएम असतील तर जुन्या आवृत्तीचं जर्नल रॅममध्ये खुशाल ठेवा.

तुमचे सर्व्हर किती यूपीएसवर आहेत ते लिहिलं नाही तुम्ही. एकाच असतील तर आज झाकण उघडून पाणी बघा, जर्नलचं उद्या बोलू.