गरोदरपणात ऐकावे कोणाचे?

मँचेस्टरमध्ये राहणाऱ्या, पाचवा महिना सुरू असलेल्या एका वाचक भगिनीने विचारले आहे की, तिथली मिडवाइफ (गरोदरपण आणि बाळंतपण सांभाळणारी प्रशिक्षित सुईण) एक सांगते, कोथरूडहून आई फोनवर दुसरे सांगते आणि व्हॉट्सॲपवर मावश्या-आत्या तिसरेच पाठवतात. अशा वेळी ऐकावे कोणाचे?

तपासण्या, औषधे आणि धोक्याची लक्षणे यांबाबत अखेरचा शब्द जिथे बाळंतपण होणार तिथल्याच लोकांचा मानावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुण्यातील ओळखीच्या डॉक्टर कितीही निष्णात असल्या तरी त्यांनी तुम्हाला तपासलेले नसते. पुण्यात बहुधा दर भेटीला स्त्रीरोगतज्ज्ञच तपासतात, त्यामुळे इंग्लंडमधील बहुतेक भेटी मिडवाइफकडे होतात आणि सर्वसाधारण गरोदरपणात साधारण १२ आणि २० आठवड्यांना अशा दोनच सोनोग्राफी होतात, हे ऐकून इथल्या घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. ती हयगय नव्हे, तिथली पद्धतच तशी आहे, हे आईला एकदा नीट समजावून सांगावे.

निम्मा घोळ आकड्यांचा असतो. इथे हिमोग्लोबिन डेसिलिटरमागे मोजतात, तिथे लिटरमागे. म्हणून तिथल्या अहवालातील ११२ म्हणजे आपल्याकडचे ११.२ होय आणि गरोदरपणात इथे ११ च्या खाली गेल्यास रक्तक्षय धरतात. साखरेचा तिथला आकडा १८ ने गुणला की इथला आकडा मिळतो. ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी तिथे ७.८ ही मर्यादा मानतात, इथे १४०, आणि गुणून पाहिले तर दोन्ही एकच आहेत. अहवालाचा फोटो घरच्या गटावर टाकण्यापूर्वी एवढा हिशेब केला, तर अर्धे फोन वाचतील.

पुण्याहून येणाऱ्या पार्सलबाबत मात्र मी थोडी कडक आहे. डिंकाचे लाडू आणि अळीव बाळंतपणानंतर खुशाल खावेत. गरोदरपणात साखर वाढलेली असेल, तर त्यांतला गूळही हिशेबात धरावा लागतो. काढे, कल्प आणि भस्मे घेण्यापूर्वी डबी मिडवाइफला किंवा औषधविक्रेत्याला दाखवावी, कारण काही आयुर्वेदिक औषधांत शिसे आणि पारा आढळलेला आहे. आईने पाठवलेल्या लोहाच्या गोळ्या तिथल्या गोळ्यांच्या जोडीला परस्पर सुरू करू नयेत.

इंग्रजीत बोलताना अडखळायला होत असेल, तर एनएचएसकडे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेकडे, मराठी दुभाषा मागता येतो आणि त्याचे पैसे पडत नाहीत. नवरा उत्तम इंग्रजी बोलतो म्हणून त्यालाच मध्ये घालू नये. घरी त्रास आहे का, असा प्रश्न मिडवाइफ एकांतात विचारते, आणि तो तसाच विचारला जायला हवा.

रक्तस्राव होणे, बाळाची हालचाल मंदावणे, तीव्र डोकेदुखीसोबत डोळ्यांपुढे अंधारी येणे यांपैकी काहीही झाल्यास, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात, प्रसूती विभागाला फोन करावा. कोथरूडला त्यानंतर कळवावे.

मधल्या काळात पुण्यास येणार असाल, तर तिथले सर्व अहवाल हातातल्या बॅगेत ठेवावेत. इथे सोनोग्राफी करावी लागल्यास ओळखपत्र मागतात आणि अर्ज भरून घेतात. १९९४ च्या कायद्याने लिंग सांगण्यास बंदी असल्याने, तिथे विचारता येणारा तो प्रश्न इथल्या डॉक्टरांना विचारू नये.