चाकं बदलू का? आधी रिमची कडा बघ

प्रश्न : दादा नमस्कार, मी गोकुळ शिरगावला मशीन शॉपमध्ये आहे, वजन ७२ किलो. सायकल क्लॅरिसवाली (शिमानोचा गिअर सेट), मागं आठ स्पीड, रिम ब्रेक, घेऊन सात वर्षं झाली, चाकं कंपनीतून आली तीच आहेत. टायर मधे एकदा बदलले, दुकानात होते ते २५ चे (मिमी रुंदी) घेतले, हवा १२० पीएसआय भरतो. दर रविवारी पन्हाळा असतोच, पावसाळ्यात पण. वाघबीळपासून वर मला २५ मिनिटं लागतात आणि ग्रुपमधली पोरं कधीच पुढं निघून गेलेली असतात. त्यातला एकजण त्याची रिम ब्रेकची, ५० मिमी उंच रिमची कार्बन चाकं ४० हजारांना देतोय. नवी अलॉयची घेतली तर २२ हजारांपर्यंत बसतात, जोडीत साधारण ४०० ग्रॅम कमी होतील. घरी अजून विषय काढलेला नाही. घेऊ का? आणि हो, उतारावर ब्रेक मारला की हल्ली करकर आवाज येतो, पॅड बदलून पण जात नाही.

उत्तर : भावा, खरा प्रश्न तू शेवटच्या ओळीत लिहिलायस, म्हणून तिथूनच चालू करतो. रिम ब्रेकच्या सायकलीत रिम हीच ब्रेकची डिस्क असते. पावसाळ्यात रस्त्यावरची लाल माती आणि बारीक खर पॅडमध्ये जाऊन बसते आणि प्रत्येक ब्रेकला रिमची कड घासत जाते, पॉलिश पेपर फिरवल्यासारखी. सात पावसाळे पन्हाळ्याच्या उतारावर घासलेली रिम किती उरली असेल हे बघितल्याशिवाय मला दुसरं काही बोलायचंच नाही.

हे माझ्यावर गुदरलेलं आहे. ज्योतिबावरून केर्लीकडे उतरत होतो, जुलै महिना, मागच्या ब्रेकला टक्‌ टक्‌ लागायला लागलं, म्हटलं चाक आऊट झालं असेल, घरी जाऊन आऊट काढू. दोन वळणं गेली नाहीत तोवर धाडकन आवाज. टायर फुटला असं समजून खाली वाकून बघतो तर रिमची कडा वीतभर उकलून बाहेर आलेली आणि ट्यूब तिथून बाहेर येऊन फाटलेली. मागचं चाक होतं म्हणून नुसता गुडघा सोलला, पुढचं असतं तर काय झालं असतं याचा विचार मी आजही करत नाही.

तर आज रात्रीच चाक काढ. ब्रेक घासतो त्या पट्टीवर स्टीलची फूटपट्टी उभी धर, मधे उजेड दिसला म्हणजे तिथं खड्डा पडलाय. बऱ्याच रिमला एक बारीक खळगा किंवा रेघ दिलेली असते, ती पुसली गेली असेल तर रिमचं आयुष्य संपलं. नेमकं माप पाहिजे असेल तर तुझ्याकडे व्हर्नियर आहेच. टायर काढून नुसता व्हर्नियर लावलास तर कडेच्या हुकामुळं (टायर धरून ठेवणारी आत वळलेली धार) माप जास्त दाखवेल, म्हणून चाकाच्या जुन्या तारेचे (स्पोकचे) दोन तुकडे घे, एक कडेच्या आतून आणि एक बाहेरून धर, त्यावरून माप घे आणि दोन्ही तुकड्यांची जाडी वजा कर. चार-पाच ठिकाणी घे, कारण झीज सगळीकडे सारखी नसते. १ मिमीच्या खाली कुठंही आलं तर त्या चाकावर पन्हाळा उतरायचा नाही, आणि मग घरी विषय काढायला पण अवघड नाही, कारण हा खर्च हौसेचा राहत नाही.

आता वेगाचं. तू, सायकल, पाणी मिळून ८४ किलो धर. त्यातले ४०० ग्रॅम म्हणजे अर्धा टक्का, २५ मिनिटांच्या चढात सात सेकंद. चाकाचं वजन दुप्पट लागतं असं सगळे म्हणतात ते स्पीड उचलतानाचं, एका लयीत घाट चढताना नाही. सात सेकंदांसाठी २२ हजार घालू नको. त्यापेक्षा टायरमध्ये जास्त आहे. कडक वायरच्या स्वस्त टायरऐवजी चांगले फोल्डिंग (कडेला वायर नसलेले, घडी होणारे) टायर घातलेस तर ३० च्या स्पीडला जोडीमागं दहा-बारा वॅट सुटतात, चढाला स्पीड निम्मा म्हणून त्यातले निम्मेच धर, तरी अर्ध्या मिनिटाच्या आसपास जातं. ब्रेकमध्ये नि फ्रेममध्ये जागा असेल तर २८ चे घाल, आणि १२० हवा बंद कर, तुझ्या वजनाला २८ मध्ये मागं ८० आणि पुढं ७५ भरपूर झाली. १२० वर टायर खडीवरून उड्या मारतो आणि ती सगळी ताकद तुझ्या पायातली जाते. ऊस वाहतूक चालू झाली की रस्त्याची काय अवस्था होते ते तुला सांगायला नको.

हब (चाकाच्या मधला बेअरिंगचा भाग) पण उघडून घे. चाक उचलून हलकंच सोडलं की व्हॉल्वच्या वजनानं ते आपोआप झुलत खाली यायला पाहिजे, मधेच अडकलं तर आतलं ग्रीस संपलंय. छर्रे, ग्रीस आणि कोन (छर्र्यांना दाबून ठेवणारे नट) नीट सेट करून घ्यायला काही शेकड्यांत काम होतं.

ती कार्बनची चाकं मात्र घेऊ नको, मित्र कितीही चांगला असू दे. ओल्या कार्बनवर ब्रेक उशिरा धरतो, उताराला ब्रेक धरून ठेवला की रिम तापते, आणि जुन्या रिमच्या आत काय झालंय ते बाहेरून कळत नाही. कार्बनचा खरा फायदा सपाटीवर वाऱ्याशी, हायवेला ३५ च्या वर एकट्यानं ओढत असशील तर. तू तर पन्हाळ्याला जाणारा माणूस.

रिम संपली असेल तर साधी मजबूत अलॉय घे, मागं २४ तारा तरी असू देत, मागच्या हबची रुंदी १३० मिमी आणि रिम ब्रेकचीच बघून घे. नवीन हब ११ स्पीडचा आला तरी तुझी आठची कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) बसते, १.८५ मिमीचा स्पेसर (पातळ रिंग) आधी घालायचा, नाहीतर कॅसेट खुळखुळते. जुनी चाकं बरी निघाली तर टायर, ट्यूब आणि हबचं काम एवढंच कर आणि एक महिनाभर त्याच घाटात वेळ लावून बघ.

प्रश्न : ताईसाठी डिस्कवाली सायकल घेतली, चाकं हुकलेस आहेत. ती जुने २५ चे ट्यूबवाले टायर त्यावर चढवून ८५ हवा भरते, चालतंय का? (इचलकरंजी)

उत्तर : अजिबात नाही, आजच हवा सोडायला सांगा. हुकलेस रिमला कडेला धरून ठेवणारा हुकच नसतो, जास्तीत जास्त ५ बार म्हणजे ७२ पीएसआयच्या आसपास, आणि टायरवर हुकलेसला चालतो असं लिहिलेलं असलंच पाहिजे, कमीत कमी किती रुंद टायर चालतो ते रिम कंपनीच्या यादीत बघा. आत ट्यूब घातली तरी टायर ट्यूबलेसचाच लागतो. जुना टायर धावताना कडेवरून निसटू शकतो, त्यामुळं नवीन टायर येईपर्यंत ताईंनी ती सायकल बाहेर काढू नये.